जवाचं सत्त्व

धाकट्या भावासाठी आई नाचणीचं सत्त्व घरी करायची. नाचणी रात्रभर भिजत घालायची, ओल्या फडक्यात गच्च बांधून ठेवायची, पांढरे मोड फुटले की सावलीत पसरायची. वाळली की दळून वस्त्रगाळ करायची. त्या पिठाची पेज साध्या नाचणीच्या पेजेसारखी घट्ट होत नसे. पळीवरून सुरसुर ओघळायची आणि साखर न घालताही जराशी गोड लागायची. ‘मोड आले की धान्य हलकं होतं,’ एवढंच आईचं स्पष्टीकरण. हलकं होतं म्हणजे नेमकं काय होतं, हे मला चाळिशीत कळलं. इंग्लंडमधल्या सॅल्फर्डच्या घरात, वीस लिटरच्या पातेल्यात जवाचा भरडा घालून, हातात लाकडी उलथनं घेऊन उभी होते तेव्हा.

मी पहिल्यांदा घरी बिअर करत होते. तीही ‘ऑल-ग्रेन’, म्हणजे थेट धान्यापासून. घरी बिअर करणारे बरेच जण सुरुवात डब्यातल्या माल्ट एक्स्ट्रॅक्टपासून करतात. एक्स्ट्रॅक्ट म्हणजे मोड आणलेल्या जवाचा, कारखान्यात आटवून ठेवलेला, काकवीसारखा दाट पाक. त्यात पाणी घाला, यीस्ट घाला, झालं. विकतचा चक्का आणून श्रीखंड करण्यासारखं आहे ते. वाईट मुळीच नाही, पण दूध विरजण्यापासून चक्का टांगण्यापर्यंतची सगळी मजा दुसऱ्यानं घेतलेली असते. ऑल-ग्रेनचं नाव काढलं की लोक उगाच घाबरवतात. तीन-तीन भांडी हवीत, पंप हवा, गणित हवं. काही नको. मोठं पातेलं, जाळीदार कापडाची पिशवी, थर्मामीटर, हायड्रोमीटर, प्लॅस्टिकच्या दोन बादल्या, त्यातली एक झाकणाची, एक नळी आणि बाटल्यांना बूच बसवायचं हत्यार, एवढ्यावर भागतं.

पण आधी कायद्याचं बोलू. इंग्लंडमध्ये १८८० साली पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी माल्टवरचा कर काढून तो बिअरवर नेला, तेव्हापासून घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना लागायचा. १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी तो रद्द केला. घरापुरती करा, विकू नका, एवढीच अट उरली. अमेरिकेत त्यासाठी १९७८ साल उजाडावं लागलं, जिमी कार्टर यांची सही व्हावी लागली. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हाच आहे. तेव्हा पुण्या-मुंबईच्या वाचकांनी हे वाचायचं, करायचं नाही. आणि आपल्याकडे जिला ‘गाळणं’ म्हणतात ती भट्टीची गोष्ट निराळी. ती परवान्याशिवाय इंग्लंडमध्येही चालत नाही.

आता धान्याकडे येऊ. जव भिजवून, मोड आणून, गरम हवेत वाळवला की त्याचं माल्ट होतं. हॉर्लिक्सचा डबा उघडल्यावर जो वास येतो, तो याचाच. जवाच्या दाण्यात स्टार्च भरलेला असतो, उद्याच्या रोपाची शिदोरी म्हणून. पण ही शिदोरी कुलपात असते. दाणा ओला झाला की त्याला वाटतं, पेरणी झाली. मग तो कुलूप उघडणारी विकरं तयार करायला लागतो आणि कोंब बाहेर काढतो. नेमक्या याच वेळी माल्ट करणारा त्याला वाळवून टाकतो. विकरं तयार, स्टार्चही बहुतेक शाबूत, आणि दाणा जिथल्या तिथे थांबलेला. आईनं सावलीत पसरलेल्या नाचणीचं हेच झालं होतं. पेज तापताना त्या विकरांनी स्टार्चची लांब साखळी तोडली, म्हणून ती घट्ट झाली नाही आणि गोड लागली.

मी घेतलं होतं ते १ किलो ८०० ग्रॅम ‘मॅरिस ऑटर’ जवाचं माल्ट आणि १५० ग्रॅम क्रिस्टल माल्ट. मॅरिस ऑटर ही केंब्रिजच्या वनस्पती पैदास संस्थेत तयार झालेली, साठच्या दशकात शेतात आलेली जात. संस्था मॅरिस लेन नावाच्या रस्त्यावर होती, त्यावरून हे नाव. नव्या जातींचं पीक जास्त येतं, तरी चवीसाठी इंग्लिश बिअरवाले हिला सोडत नाहीत, आपल्याकडे काही घरांत आंबेमोहोराखेरीज भात शिजत नाही तसं. क्रिस्टल माल्ट ओलं असतानाच भाजतात, त्यामुळे दाण्यातल्या साखरेचं आतच कॅरॅमल होतं. थोडंसं घातलं की तांबूस रंग येतो. दोन्ही दुकानातूनच भरडून आणली. भरडूनच, दळून नाही. जात्यावर डाळ भरडतात तसं दाणा फुटायला हवा, टरफल शक्यतो अखंड राहायला हवं. पीठ केलंत तर पुढे गाळताना खळ हाती येते.

पाणी पंधरा लिटर. शेवटी हाती दहाच लिटर बिअर लागते. दीडेक लिटर धान्य पिऊन टाकतं, तीनेक लिटर वाफ होऊन जातं, उरलेलं तळच्या गाळात. मँचेस्टर-सॅल्फर्डचं पाणी लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांतून येतं, थर्लमिअर तलावातून १८९४ पासून, आणि ते फार मृदू आहे. चहाला उत्तम. पण इंग्लिश पेल एल ही बिअर ज्या गावामुळे नावारूपाला आली त्या बर्टन-ऑन-ट्रेंटचं पाणी जिप्समनं जड. म्हणून चिमूटभर जिप्सम घालायचं, म्हणजे पुढे पडणाऱ्या हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा स्वच्छ उमटतो. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा बंदोबस्त मात्र करायलाच हवा, नाहीतर बिअरला दवाखान्याचा वास येतो. मेटाबायसल्फाइटची पाव गोळी पुरते.

पाणी ६९ अंशांवर आणलं, पिशवी पातेल्यात लावली, भरडा ओतला. थंड भरड्यामुळे तापमान ६६ वर येतं. पिठलं करताना डाळीचं पीठ एकदम टाकलं की गुठळ्या होतात, तेच इथंही होतं. एका हातानं ओतायचं, दुसऱ्यानं ढवळायचं. गुठळीच्या आतलं पीठ कोरडं राहतं आणि वाया जातं. ज्या बाईनं आयुष्यात बिनगुठळीचं पिठलं केलंय तिला हा भाग शिकवावा लागत नाही. आता हे मिश्रण, म्हणजे ‘मॅश’, तासभर ६६ अंशांवर ठेवायचं. ऑल-ग्रेनचा जीव या एका तासात आहे.

दोन विकरं इथं कामाला लागतात. बीटा अमायलेज आणि अल्फा अमायलेज. समजा, उसाची लांब मोळी पडली आहे. एकजण टोकाला बसून एकेक कांडं सोलून खातोय. दुसरा हातात कोयता घेऊन मधेच कुठेही सपासप तोडतोय. पहिला बीटा. तो साखळीच्या टोकापासून दोन-दोन ग्लुकोजचा तुकडा काढतो, त्याला माल्टोज म्हणतात, आणि यीस्टला तो फार आवडतो. दुसरा अल्फा. त्याचे तुकडे लहानमोठे असतात आणि त्यातले मोठे यीस्टला पचत नाहीत, ते बिअरमध्ये तसेच राहतात, तिला अंग देतात. पण अल्फानं मधे तोडलं की नवी टोकं तयार होतात आणि बीटाला बसायला जागा मिळते. दोघे मिळून काम करतात, फक्त त्यांना मानवणारी ऊब वेगळी आहे. बीटा साठ ते पासष्टमध्ये खुशीत असतो आणि सत्तरीकडे जाऊ लागलं की भराभर नष्ट होतो. अल्फाला सत्तर-बहात्तर छान चालतं. ६३ वर मॅश ठेवलात तर बिअर हलकी, कोरडी आणि जरा चढती होते. ६९ वर जाड, गोडसर. ६६ वर दोघांचंही बरं चालतं.

आणि इथंच मी आपटले. आमच्या घरात स्वयंपाकाला मोजमाप नाही. दूध विरजायचं तर कोमट, पाक करायचा तर एकतारी, मीठ चवीपुरतं. थर्मामीटर मी आणला होता खरा, पण वापरला पाहुण्यासारखा. भरडा घातल्यावर वरच्या वर बुडवला, ६४ दिसले, म्हणून खाली गॅस चालू ठेवला आणि ढवळलं नाही. जाड मिश्रणात उष्णता आपोआप वर येत नाही, खिरीचं बूड लागतं ते याच कारणानं. दहा मिनिटांनी ढवळून पुन्हा पाहिलं तर ७१. थंड पाणी ओतलं, पण बीटाचा कारभार तोवर आटोपला होता. ती बिअर हायड्रोमीटरवर १.०४१ वरून सुरू होऊन १.०१८ वर अडकली, म्हणजे मद्य जेमतेम तीन टक्के. नवऱ्यानं घोट घेतला आणि म्हणाला, ‘हॉर्लिक्स बरं झालंय.’

ज्या गावात मी हा अंदाजपंचे उद्योग केला, त्याच गावच्या एका बिअरवाल्यानं उष्णता मोजण्यात आयुष्य घातलं, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं. जेम्स प्रेस्कॉट जूल १८१८ साली सॅल्फर्डला जन्मला. घरचा धंदा बिअरचा, आणि तोही त्यात काम करायचा. काम आणि उष्णता यांचा हिशोब त्यानं १८४० च्या दशकात मांडला. त्यासाठी फॅरनहाइटच्या एका अंशाच्या दोनशेव्या भागापर्यंत तापमान मोजतो, असं तो सांगे, आणि पुष्कळ शास्त्रज्ञांना ते खरं वाटत नसे. शाळेत आपण ऊर्जा ज्यात मोजतो तो ‘जूल’ म्हणजे हा गृहस्थ. मॅशमधल्या दोन-तीन अंशांचं मोल ज्या घरात रोज कळत होतं, त्या घरातला माणूस थर्मामीटरवर इतका विश्वास टाकतो, याचं मला आता मुळीच नवल वाटत नाही.

दुसऱ्या खेपेला मी ढवळून, मधोमध, तळाशी, तीन ठिकाणी मोजलं. ६६ झाल्यावर गॅस बंद केला, झाकण लावलं आणि पातेलं आईनं शिवलेल्या गोधडीत गुंडाळलं. तासाभरात दीड अंश उतरला, तेवढं चालतं. शेवटी एक थेंब पांढऱ्या बशीत घेऊन त्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला. शाळेत बटाट्याच्या फोडीवर टाकायचो तोच प्रयोग. निळंकाळं झालं तर स्टार्च शिल्लक आहे, आणखी पंधरा मिनिटं थांबायचं. झालं नाही. तो थेंब मोरीत गेला, पातेल्यात परत नाही.

मग पिशवी उचलायची. जुन्या रीतीत मॅशच्या भांड्याला छिद्रांचा खोटा तळ असतो, वरून गरम पाण्याची धार सोडून धान्य धुतात, त्यासाठी दुसरं-तिसरं भांडं लागतं. पिशवीची सोपी युक्ती या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनी रुळवली. पडद्याच्या जाळीदार कापडाची पिशवी पुरते. पिशवी वर घेतली, पातेल्यावर आडव्या दांड्याला बांधली, चक्का टांगतात तशी. पाण्यानं फुगलेलं ते धान्य चार किलोच्या आसपास भरतं आणि हात भाजण्याइतकं गरम असतं, तेव्हा दुसरा माणूस जवळ असलेला बरा. खाली गळतो तो मधाच्या रंगाचा गोड रस, त्याला ‘वर्ट’ म्हणतात. पिशवी पिळू नये, तुरटपणा येतो, असं जुने लोक सांगतात. मी दोन ताटल्यांत धरून दाबते. तुरट काही लागलेलं नाही.

वर्ट तासभर उघड्यावर खळखळून उकळायचा. पहिल्या काही मिनिटांत प्रथिनांचा फेस एकदम वर येतो आणि दुधासारखाच, आपण पाठ फिरवली की उतू जातो. शेगडीवर सांडलेला वर्ट वाळला की कॅरॅमल होतो आणि सुरीनं खरवडावा लागतो, हे मी सांगते. झाकण ठेवायचं नाही, कारण उकडलेल्या कोबीचा वास देणारं एक गंधकाचं संयुग वाफेबरोबर जायला हवं.

उकळी स्थिर झाली की हॉप्स. हॉप्स म्हणजे एका वेलीची शंकूसारखी हिरवी फुलं. ही वेल भांगेच्याच कुळातली, पण नशा देणारं त्यात काही नाही. फुलांच्या तळाशी पिवळी राळ असते. तिच्यातली आम्लं नुसती पाण्यात टाकून फारशी कडू होत नाहीत, बराच वेळ उकळली की त्यांची रचना बदलते आणि कडवटपणा उतरतो. सुवासाची तेलं मात्र तेवढ्या वेळात उडून जातात. म्हणून हॉप्स दोनदा पडतात, फोडणीत मोहरी-हिंग आणि उतरवताना कोथिंबीर, तसं. मी ‘ईस्ट केंट गोल्डिंग्ज’ १८ ग्रॅम सुरुवातीला घातले, १० ग्रॅम शेवटची दहा मिनिटं उरली असताना. घरात कुत्रा असेल तर वापरलेले हॉप्स त्याच्या तोंडाला लागू देऊ नका, कुत्र्यांना ते विषारी आहेत.

इथून पुढे मला आजीची आठवण येते. तिच्या सोवळ्याची आम्ही आयुष्यभर टिंगल केली. पण गॅस बंद केल्यापासून बिअरला जे जे लागणार ते सगळं सोवळ्यात हवं. बादली, झाकण, नळी, चमचा, हायड्रोमीटर, सगळं जंतुनाशक द्रावणात बुडवून काढलेलं. उकळीआधी स्वच्छतेची फार फिकीर नको, सगळं उकळणारच आहे. नंतर मात्र कोमट गोड पाणी आहे आणि हवेतल्या प्रत्येक जंतूला त्याचं निमंत्रण आहे. म्हणून वर्ट लवकर थंड करायचा. मी झाकण लावून पातेलं अंघोळीच्या टबात ठेवलं, भोवती गार पाणी, वरून बर्फ. पाऊण तासात वीस अंशांवर आलं. बादलीत ओतताना चहा गार करतात तसं उंचावरून ओतलं, कारण यीस्टला सुरुवातीला प्राणवायू हवा असतो. यानंतर पुन्हा कधीही बिअर अशी खळखळवायची नाही. नंतरची हवा तिला ओल्या पुठ्ठ्याची चव देते.

यीस्ट म्हणजे विरजणच. पूर्वी ते खरोखरच विरजणासारखं चालायचं, मागच्या घाण्याचा फेस पुढच्याला. शेजारणीचं विरजण बिघडलं की आपलंही दही तारवतं, तशी त्या काळी कारखानेच्या कारखाने नासायचे. यीस्ट हा सजीव आहे आणि नासाडी करणारे जंतू वेगळेच, हे लुई पाश्चरनं १८७६ सालच्या बिअरवरच्या ग्रंथात मांडलं. मग १८८३ मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्तियान हान्सेननं एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. कार्ल्सबर्गनं ते पेटीत कुलूपबंद केलं नाही, इतर कारखान्यांनाही देऊन टाकलं. शेजारी वाटीभर विरजण मागायला आला तर नाही म्हणत नाहीत, त्यातलंच हे. आज मी दुकानातून ११ ग्रॅमचं कोरड्या यीस्टचं पाकीट आणते, ते त्या संशोधनाचंच फळ.

यीस्ट भुरभुरवून झाकण लावलं, पाण्याचा एअरलॉक बसवला, म्हणजे आतला वायू बाहेर जाईल, बाहेरची हवा आत येणार नाही. बादली जिन्याखालच्या कपाटात, अठरा ते वीस अंशांत. पंचविशीच्या वर गेलं तर यीस्ट घाईत काम करतं आणि केळ्याचा, वार्निशाचा वास सोडतं. सॅल्फर्डमध्ये वर्षातले बहुतेक महिने ही चिंता नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटातून गुडगुड ऐकू आली. चार दिवसांनी आवाज थांबला की हात शिवशिवतात, झाकण उघडून बघावंसं वाटतं. बघू नये. साखर संपल्यावर यीस्ट स्वतः सोडलेले नकोसे वास मागे फिरून आवरतं, त्याला सवड द्यायची. दोन आठवडे.

काम झालं की नाही, हे बुडबुड्यांवरून ठरवायचं नाही, हायड्रोमीटरवरून. पाण्याची घनता १, साखर जास्त तितका काटा वर. सुरुवातीला १.०४१ होता, पंधराव्या दिवशी १.०१०, तीन दिवसांनी पुन्हा तेवढाच. दोन्हींतला फरक १३१ नं गुणला की मद्याचं प्रमाण निघतं, सुमारे चार टक्के. आकडा स्थिर व्हायच्या आधी बाटल्या भरल्यात तर आत वायू साठत जातो आणि काच फुटते. ही गंमत नाही, डोळे जातात.

बाटलीत फेस यावा म्हणून थोडी साखर लागते. दहा लिटरला ४५ ग्रॅम, वजन करून. चमच्यानं, अंदाजानं नाही. कपभर पाण्यात उकळून दुसऱ्या स्वच्छ बादलीत घातली, वर नळीनं हळूच बिअर सोडली, गाळ मागे ठेवून. अर्ध्या लिटरच्या एकोणीस बाटल्या भरल्या. बाटल्या तपकिरीच हव्यात. प्रकाश लागला की हॉप्समधल्या द्रव्यांपासून फार घाणेरडा वास देणारं संयुग बनतं, आणि हिरवी किंवा पांढरी काच ते थांबवत नाही.

पिशवीतला चोथा त्याच दिवशी संपवावा लागतो, दुसऱ्या दिवशी आंबतो. निम्मा बागेत गेला. उरलेला मिक्सरमधून काढून थालिपिठाच्या भाजणीत मिसळला, टरफलं जरा दाताखाली येतात, पण खमंग होतात. आईला व्हिडिओवर दाखवलं. ‘अगं, साखर सगळी तुझ्या त्या पातेल्यात गेली, यात राहिलं काय?’ म्हणाली. बरोबर होतं तिचं. राहतं ते प्रथिन आणि कोंडा.

दोन आठवडे बाटल्या घरातच, उबेला. मग एक दिवस फ्रिजमध्ये. ओतताना ग्लास तिरका धरायचा, एका दमात ओतायचं, आणि तळाचा बोटभर यीस्टचा गाळ बाटलीतच ठेवायचा.